उभयचर विमानाचं किट बनवणारा छोटा कारखाना बेळगावात उभा राहू शकतो का?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं जॉबवर्कचं वर्कशॉप आहे. सीएनसी, व्हीएमसी ही संगणकावर चालणारी मशीनं आणि वडिलांच्या वेळचं एक लेथ, जे आजही मापात चालतं. पंपाचे, हायड्रॉलिकचे, ट्रॅक्टरचे पार्ट करण्यात आयुष्य चाललंय आणि त्याबद्दल काही तक्रार नाही. पण एक विषय मनातून जात नाही, तो इथे मांडतोय. थट्टा नको, मनापासून विचारतोय.

परदेशात लोक घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. कारखाना पूर्ण विमान विकत नाही, सुटे भाग विकतो. बांधणारा ते जोडतो, इंजिन बसवतो, सरकारी तपासणी करून घेतो आणि स्वतः उडवतो. अमेरिकेत याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. विमानाच्या घडणीतलं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असलं पाहिजे. म्हणजे कारखान्याला भाग किती तयार करून द्यायचे यालाही मर्यादा आहे. फार तयार करून दिलं तर गिऱ्हाइकाचंच विमान नियमात बसत नाही.

यातला मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे उभयचर, जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे उतरणारं. खाली होडीसारखी हल, म्हणजे विमानाचं तळाकडचं अंग, तिच्यातच दोन माणसं शेजारी शेजारी, इंजिन डोक्याच्या वर मागे तोंड करून, आणि चाकं उचलली की पाण्यावर उतरायचं. हे खूळ नवं नाही. वोल्मर जेन्सन या अमेरिकन माणसाचं व्हीजे-२२ स्पोर्ट्समन १९५८ साली उडालं, लाकडाचं, आणि त्याचे नकाशे विकले जात. जॉर्ज परेरा यांचं ऑस्प्रे-२ हे १९७३ मधलं, तेही नकाशावरून बांधायचं. त्यांचं आधीचं एकआसनी ऑस्प्रे अमेरिकन नौदलाने घेऊन एक्स-२८ नावाने तपासलं होतं. मग १९९२ मध्ये फ्लोरिडात प्रोग्रेसिव्ह एरोडाइन ही छोटी कंपनी निघाली आणि तिने सीरे नावाचं किट आणलं. हल कंपोझिटची, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरची, पंखांचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा, वर कापड ताणलेलं. तेव्हापासून अशी शेकडो विमानं लोकांनी घरी बांधली. मेलबर्नच्या मायकेल स्मिथ यांनी २०१५ मध्ये असंच एक सीरे घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

आता माझा प्रश्न. अ‍ॅल्युमिनियमची नळी, तिला अचूक भोक, ब्रॅकेट, बुश, पिन, वेल्डिंग, फायबरची हल. यातलं काय आपल्या बेळगावात होत नाही? उद्यमबाग, मच्छे, वाघवडे, हत्तरगी या आपल्या भागातल्या कारखान्यांच्या जागा धरून बोलतोय. जाणकारांनी लिहावं.

निपाणीकर

दादा, होईल की. प्रश्न बनवण्याचा नाहीच, घेणार कोण हा आहे. आमच्याकडे तंबाखूच्या वखारीवाल्याला पैसा आहे, पण तो विमान घेऊन कोणत्या तळ्यात उतरणार? भारतात स्वतःचं छोटं विमान असणारी माणसं मोजकीच. त्यात स्वतः बांधणारी त्याहून कमी, आणि पाण्यावर उतरणारं बांधणारी तर शोधावी लागतील. सरकारी सीप्लेनचीच गत बघा. साबरमती ते केवडिया ऑक्टोबर २०२० मध्ये वाजतगाजत सुरू झालं, २०२१ च्या एप्रिलमध्ये बंद. मोठ्यांना जमेना तिथे शेडमधला माणूस काय करणार?

उद्यमबागकर

@निपाणीकर, साबरमतीची तुलना इथे लागू नाही असं मला वाटतं. ते १९ आसनी ट्विन ऑटर होतं, तिकीट लावून प्रवासी नेण्याची सेवा. इथे तिकीट नाही, प्रवासी नाही. एक माणूस, त्याचं गॅरेज आणि त्याची काही वर्षं.

गिऱ्हाईक मात्र बाहेरचंच, हे मान्य. पण हा रस्ता कर्नाटकातच कुणीतरी आधी चालून गेलंय. बंगळूरच्या राजहंस अल्ट्रालाइट्सने एक्स-एअर हे नळ्या-कापडाचं हलकं विमान बनवून युरोपात पाठवलं. इंग्लंडमध्ये लोकांनी ती किटं जोडली, उडवली. बंगळुरात होतं ते बेळगावात होणार नाही असं म्हणायला मला तरी कारण सापडत नाही.

शहापूरकर_ओंटारियो

धागा वाचून राहवलं नाही. मूळचा शहापूरचा, आता बरीच वर्षं कॅनडात. माझ्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर आणि उभयचर विमान आत अशी परिस्थिती आहे. तेच, फ्लोरिडातलं किट. अजून उडालेलं नाही, पंखांवर कापड चढवायचं राहिलंय. त्यामुळे उडवण्याबद्दल मी बोलणार नाही. गिऱ्हाईक म्हणून बोलतो, कारण कारखाना काढणाऱ्याने तेच ऐकायला हवं.

किट म्हणजे पेट्या येतात. हल एका लाकडी क्रेटमध्ये, नळ्या लांब खोक्यात, आणि मग बारीक सामानाच्या प्लास्टिक पिशव्या, शेकड्याने. प्रत्येक पिशवीवर क्रमांक, प्रत्येक क्रमांक मॅन्युअलमधल्या पायरीशी जुळलेला. हे जुळलेलं असलं की दिवसभराच्या नोकरीनंतर रात्री जेवून दोन तास काम होतं. एक बोल्ट कमी निघाला की ते दोन तास गेले, आणि कुरियर येईपर्यंत पुढचे कितीतरी. बायको विचारते आज काय केलंस, तर सांगायला काही नसतं. विमान अर्धवट सोडणारे लोक बहुतेक अशाच रात्रींमुळे सोडतात. उडण्याची भीती हे कारण मी फारसं ऐकलेलं नाही.

त्यामुळे @उद्यमबागकर दादा, तुमचा पहिला नोकर मशीनवरचा नको. मॅन्युअल लिहिणारा हवा. चित्रं काढणारा हवा. पानापानावर फोटो, कुठल्या बाजूने वॉशर, किती टॉर्क म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा, चूक झाली तर उलगडायचं कसं. आपल्या शॉपफ्लोअरवर अर्धी माणसं मराठी बोलतात, अर्धी कन्नड, आणि ड्रॉइंग इंग्रजीत असूनही काम बिनचूक होतं, कारण ड्रॉइंग चांगलं असतं. मॅन्युअल त्या जातीचं पाहिजे.

दुसरं, तपासणी. इथे कॅनडात सरकारने नेमलेला तपासनीस येतो. कापड चढवण्याआधी पंखाचा सांगाडा उघडा असताना बघतो, कारण एकदा झाकलं की काही दिसत नाही. तो मला माझ्या कामाबद्दल विचारतो, आणि सोबत हेही विचारतो की ही नळी कुठल्या मिश्रधातूची, कागद कुठे. तो कागद कारखान्याने दिलेला असला पाहिजे.

तिसरं जरा कडू आहे. माझ्या ओळखीच्या एकाने दुसऱ्या एका छोट्या कंपनीचं किट घेतलं होतं, नाव नको. मालक वारले. मोल्ड कुणी विकत घेतले, कुठे गेले, पत्ता नाही. त्याची कॅनपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण, तडकली आहे आणि ती जगात कुठेच मिळत नाही. आता तो स्वतः साचा करून बनवायला बसलाय. छोट्या कारखान्याकडून माणूस विमान घेतो तेव्हा तो त्या मालकाच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांवर पैसे लावत असतो. तुमच्या माघारी ड्रॉइंग आणि मोल्ड कुणाकडे राहतील, हे पहिल्या दिवशी लिहून ठेवा. गिऱ्हाइकालाही दाखवा.

मच्छे_फिटर

पिशव्यांचं अगदी पटलं. आमच्याकडे असेंब्ली किट भरणाऱ्या बायका आहेत, वजनकाट्यावर पिशवी ठेवून एक वॉशर कमी असला तरी ओळखतात. हे काम बेळगावात उत्तम होईल.

खानापूरची_लेक

हलवर कुणी लिहीना म्हणून मी लिहिते. मी खानापूर तालुक्यातली, गोव्यात एका बोट यार्डात लॅमिनेशन, म्हणजे साच्यावर फायबरचे थर चढवण्याचं काम करते. आमच्या भागातली कितीतरी पोरं-पोरी गोव्याला कामाला जातात, तशीच मी. विमान कधी केलं नाही, पण पाण्यात राहणारं फायबर हातून भरपूर गेलंय.

दादा, "फायबर काय, टाक्या बनवणारे पण करतात" असं कृपा करून कुणी समजू नका. पाण्याच्या टाकीत जाडी वाढवली की प्रश्न मिटतो. इथे जाडी वाढवली की विमान उठायचं नाही. सगळं कौशल्य रेझिन कमी ठेवण्यात आहे. कापडाचा थर साच्यावर पसरायचा, रेझिन ओतायचं, आणि मग पट्टीने ते मधून कडेकडे ढकलत न्यायचं. कापड पांढरं दिसतं तिथे रेझिन पोचलेलं नाही. चकाकतं तिथे जास्त झालंय. दोन्हींच्या मधला, कापडाची वीण दिसते पण कोरडी नाही, असा एक रंग असतो. तो डोळ्याला सवयीने कळतो, आणि रेझिन घट्ट व्हायला लागायच्या आत कळावा लागतो. कोपऱ्यात, जिथे तळ आणि बाजू मिळतात, तिथे हवा अडकते. ब्रशचं टोक उभं धरून ती टोचून टोचून बाहेर काढायची. घाई केली की आत बुडबुडा राहतो आणि तिथूनच पुढे थर सुटतात.

थर सुटलाय का हे आम्ही नाण्याने बघतो. हल पूर्ण सुकली की नाण्याच्या कडेने टकटक करत जायचं, हातभर हातभर करत, सगळीकडे. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो. सुटलेल्या जागी बोदा. पेन्सिलीने गोल करायचा आणि पुढे जायचं. मोठी मशीनं असलेल्या ठिकाणी सुद्धा ही तपासणी टाळत नाहीत.

आता आपल्या भागाची खरी अडचण, पाऊस. जून ते सप्टेंबर खानापूर, कणकुंबी पट्ट्यात हवा इतकी ओली असते की भिंतीला हात लावला तर ओला होतो. बेळगाव शहरातही फार वेगळं नाही. इपॉक्सी रेझिन अशा हवेत लावलं की त्याच्यावर मेणचट थर धरतो. तो धुवून, घासून काढल्याशिवाय वर दुसरा थर लावला तर चिकटल्यासारखा दिसतो, पण चिकटलेला नसतो. म्हणून लॅमिनेशनची खोली बंद, ओलावा काढणारं मशीन आणि तापमान धरून ठेवणारी पाहिजे. हा खर्च आधी धरा. नाहीतर वर्षाचे चार महिने काम बंद.

आणि स्वस्त पॉलिएस्टर वापरू नका. पाण्यात राहून त्याला कालांतराने फोड येतात. व्हिनाइलएस्टर नाहीतर इपॉक्सी.

उद्यमबागकर

ताई, इतकं स्पष्ट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. एक विचारतो. हलच्या तळाला मधेच एक पायरी असते, तिथे तळ अचानक वर जातो. फोटोत सगळ्या उडत्या बोटींना दिसते. ती साच्यात काढायला अवघड जाते का? आणि तिथे मजबुती कशी आणायची?

खानापूरची_लेक

साच्यात अवघड नाही, कडा जरा गोल ठेवायची म्हणजे कापड बसतं. मजबुती मात्र आतून द्यावी लागेल, आडवी बल्कहेड, म्हणजे आतली भिंत टाकून. पायरी का असते ते मला माहीत नाही, आमच्या बोटींना नसते.

सांबऱ्याचे_काका

ते मी सांगतो. हवाई दलात विमानांच्या देखभालीत नोकरी झाली, आता सांबऱ्यालाच घर आहे.

पाण्यातून वेग घेताना हल आधी पाणी कापत जाते, नाक वर, फवारा उडतोय, इंजिन पूर्ण जोरात आणि वेग मात्र वाढत नाही असं वाटतं. मग एका क्षणी हल वर येऊन पाण्यावरून घसरायला लागते. आता तिला हवेत उठायचं आहे. पण तळ सलग असेल तर मागच्या भागाला पाणी चिकटून राहतं, ओढून धरतं, आणि नाक उचलावं तर शेपटी पाण्यात रुतते. पायरीपाशी पाणी तळापासून तुटतं, खाली हवा शिरते, आणि विमान फक्त पुढच्या भागावर घसरत राहतं. पायरीची जागा गुरुत्वमध्याच्या थोडी मागे. ती जागा चुकली की विमान पाण्यावर पुढे-मागे डुलायला लागतं, आणि वैमानिकाने चुकीच्या वेळी दांडा ओढला तर ते डुलणं वाढत जाऊन आपटतं. म्हणून @उद्यमबागकर, हलचा आकार स्वतःच्या मनाने काढू नका. जो आकार वर्षानुवर्षं पाण्यावर सिद्ध झालाय त्याचा परवाना घ्या. ब्राझीलच्या सुपर पेट्रेलचंच बघा. त्याचं मूळ फ्रान्समधल्या क्लोद तिसरां यांच्या हायड्रोप्लममध्ये आहे. एक चांगली हल देशोदेशी फिरते, यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट, इंजिन डोक्यावर. जोर वरून लागतो, त्यामुळे थ्रॉटल उघडला की नाक खाली जातं आणि इंजिन बंद पडलं की नाक वर येतं. साध्या विमानावर शिकलेल्याला हे उलटं वाटतं. त्यात या विमानांना हवेचा विरोधही जास्त, वेग पटकन मरतो. उड्डाणानंतर लगेच इंजिन गेलं तर विचार न करता नाक खाली घालावं लागतं. किटसोबत हे शिकवण्याची सोय हवी. नुसता कागद देऊन भागणार नाही.

तिसरी गोष्ट चाकं, आणि इथे माणसं जातात. जमिनीवर चाकं खाली न करता उतरलात तर तळ खरवडतो, दुरुस्ती होते. पाण्यावर चाकं खाली ठेवून उतरलात तर चाकं पाण्यात अडतात आणि विमान नाकावर उलटतं. त्यामुळे प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणायचं, "पाण्यावर उतरतोय, चाकं वर," आणि डोळ्यांनी चाक बघायचं. नुसत्या दिव्यावर विश्वास नाही. तुमच्या डिझाइनमध्ये वैमानिकाला बसल्या जागेवरून चाक दिसलं पाहिजे, नाहीतर आरसा द्या. स्वस्तातली गोष्ट आहे, पण ती विसरू नका.

निपाणीकर

काका, हे वाचून तर माझी शंका वाढली. इतकं धोक्याचं असेल तर हौशी माणसाच्या हातात द्यावंच का?

सांबऱ्याचे_काका

रास्त प्रश्न. धोका आहे म्हणूनच नियम आहेत. अमेरिकेत असं विमान पहिल्यांदा उडालं की काही तास, साधारण २५ किंवा ४०, ठरवून दिलेल्या भागातच चाचणी म्हणून उडवावं लागतं. त्यानंतरच प्रवासी बसवता येतो. बांधणारा आपलं विमान आतून जाणतो, ही त्यातली जमेची बाजू. सेवेत असताना मी ज्या नोंदी केल्या, तितक्या बारकाईने आपल्या विमानाच्या नोंदी ठेवणारे हौशी लोक मी पाहिले आहेत.

हत्तरगी_दुसरी_पाळी

हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये, म्हणजे विमानाचे भाग बनवणाऱ्या विशेष आर्थिक क्षेत्रात, क्वालिटीला आहे. कंपनीबद्दल लिहिता येत नाही, पण कामाबद्दल लिहितो.

@उद्यमबागकर दादा, तुमच्याकडे मशीन आहेत, ऑपरेटर आहेत, माप येतं. विमानाच्या पार्टमध्ये आणि ट्रॅक्टरच्या पार्टमध्ये मापाचा फरक कधीकधी फारसा नसतो. फरक कागदाचा असतो. बाजारात ६०६१-टी६ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची नळी मिळते. पण ती खरंच ६०६१ आहे का, टी६ पर्यंत तापवून कडक केली आहे का, हे नुसतं बघून कळत नाही. धातू बनवणाऱ्या मिलचं सर्टिफिकेट, त्यावरचा हीट नंबर म्हणजे धातूच्या त्या घाण्याचा क्रमांक, तो नंबर नळीवर, नळी कापली की तुकड्यांवर, आणि शेवटी ज्या किटमध्ये तो तुकडा गेला त्या किटच्या रजिस्टरमध्ये. पुढे कधी एखाद्या हीटमध्ये खोट निघाली तर तुम्हाला त्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन करता आला पाहिजे. आमच्याकडे निम्मा वेळ यातच जातो, आणि तो वाया जात नाही.

बोल्टचंच घ्या. लोक म्हणतात एएन बोल्ट, म्हणजे विमानासाठीच्या अमेरिकन मानकाचा बोल्ट, महाग, त्यापेक्षा आपला १०.९ ग्रेडचा घाला, जास्त ताकदीचा आहे. ताकदीच्या आकड्यावर तो जिंकतोही. पण एएन बोल्ट विनाआट्याच्या भागाच्या लांबीप्रमाणे बारीक बारीक फरकाने मिळतो. म्हणजे जोडात भोकाच्या आत आटे येऊ न देता नेमका बोल्ट निवडता येतो. आटे भोकात आले की भार आट्यांवर येतो, भोक मोठं होतं, तडा तिथून जातो. शिवाय जास्त कडक बोल्ट ताण आला की वाकत नाही, सरळ तुटतो. वाकलेला बोल्ट तपासणीत सापडतो, तुटलेला हवेत सापडतो.

आणि लेझर कटिंगबद्दल, कारण आपल्याकडे गल्लोगल्ली लेझर लागलेत. अमेरिकेतल्या ऑरेगनची व्हॅन्स एअरक्राफ्ट ही किट विमानांतली सगळ्यात मोठी कंपनी. त्यांच्या किटची ११ हजारांहून अधिक विमानं उडाली आहेत. मागणी वाढली म्हणून त्यांनी काही पत्र्यांची भोकं पंचऐवजी लेझरने करून घेतली. लेझर जिथे सुरू होतो आणि जिथे थांबतो तिथे भोकाच्या कडेला बारीक खाच राहिली, आणि रिव्हेटसाठी भोकाला खळगा पाडला की तिथून तडे दिसायला लागले. पार्ट बदलून द्यायचे, जुन्या भावात घेतलेल्या ऑर्डर पुऱ्या करायच्या, पैसे संपले. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचं संरक्षण घ्यावं लागलं. पुढे सावरली, पण आगाऊ पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांना वाढीव भाव मान्य करावा लागला. इतक्या मोठ्या घराचं हे झालं. भोक कशाने पाडलं, याला इतकं मोल आहे.

शहापूरकर_ओंटारियो

हो, इथे त्या काळात सगळीकडे तोच विषय होता. माझे दोन मित्र अडकले होते. आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, ती पगाराला वापरू नका, एवढं माझं अजून एक म्हणणं.

हिडकल_काठ

नमस्कार. हुक्केरी तालुक्यातला. धरणाच्या पाण्याला लागून आमची शेती. विमान हिडकलला उतरवायचं ठरवूलाय का तुम्ही? तसं असेल तर ऐका.

घटप्रभेवरचं हे धरण ५१ टीएमसीचं. पावसाळ्यानंतर समुद्रासारखं दिसतं, मान्य आहे. पण उन्हाळ्यात पाणी इतकं उतरतं की बुडालेलं विठ्ठल मंदिर वर येतं, लोक दर्शनाला जातात. म्हणजे पाण्याखाली देऊळ आहे, जुनी गावं आहेत, झाडांचे बुंधे आहेत, बांध आहेत. कुठल्या महिन्यात काय किती खाली आहे हे मासेमारी करणाऱ्यांना तोंडपाठ असतं, नकाशात नसतं. त्या पातळ हलला एक बुंधा पुरे. त्यातून आमच्या लोकांची जाळी असतात, सकाळी सकाळी. दोरी प्रोपेलरला नसेल लागत, चाकाला लागेल.

परवानगी पाटबंधारे खात्याची, पोलिसांची, आणि अजून कुणाकुणाची. खाली धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, थंडीत करकोचे येतात. तिकडे तर नकोच. आणि राकसकोप बेळगावचं पिण्याचं पाणी आहे, त्याचा विचारही कुणी करू नये.

विरोध करत नाही. या, बघा, आमच्याकडे जेवा. पण आधी पाणी माहीत करून घ्या.

सांबऱ्याचे_काका

हे फार मोलाचं आहे. अजून एक भर घालतो. धरणाचं पाणी सकाळी अगदी शांत असतं, तेव्हा ते सर्वात फसवं. आरशासारख्या पाण्यावर उंची कळत नाही, वैमानिकाला वाटतं अजून दहा मीटर आहे आणि तो पाण्यात असतो, किंवा उलट. अशा वेळी काठ धरून उतरायचं, थोडा जोर ठेवून, अगदी हलक्या उताराने, आणि पाणी लागेपर्यंत थांबायचं. काठ जवळ म्हणजे बुंधे जवळ. म्हणजे मासेमारी करणाऱ्यांना सोबत घेऊन पाण्याचा नकाशा केल्याशिवाय इथे काही होणार नाही.

इंधनाचंही बघा. या विमानांत बहुतेक ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ इंजिन असतं. ते गाडीच्या पेट्रोलवर चालतं, म्हणून लोकप्रिय. पण कंपनी इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंतच चालवते आणि आपल्याकडे पंपावर आता वीस टक्क्यांचं आहे. १०० हॉर्सपॉवरच्या मॉडेलला किमान ९५ ऑक्टेन लागतं, ते वेगळंच. इथेनॉल पाणी ओढतं, काही रेझिनच्या टाक्यांनाही मानवत नाही. खानापूरच्या ताई, तुमच्या रेझिनच्या यादीत हेही धरा. विमानाचं पेट्रोल चालतं, पण त्यातल्या शिशामुळे तेल लवकर बदलावं लागतं, आणि ते मिळतं विमानतळावरच.

खानापूरची_लेक

टाकी अ‍ॅल्युमिनियमची करा काका, फायबरची नकोच.

निपाणीकर

कायद्याचं कुणी लिहिलं नाही. भारतात घरी बांधलेलं विमान नोंदवता येतं का मुळात?

उद्यमबागकर

येतं, पण सोपं नाही. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते साऱ्या देशाने पाहिलं, आणि अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. मराठी माणसाने गच्चीवर केलेल्या त्या कामामुळे माझ्यासारख्याला हा धागा काढायचा धीर आला, हे इथे नोंदवतो. केरळचे अशोक थामरक्षन यांनी इंग्लंडमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या स्लिंग कंपनीचं चार आसनी किट बांधून कुटुंबाला फिरवलं, तेही २०२२ मध्ये सगळीकडे छापून आलं. दोघांचं वाचलं की फरक कळतो. किट असलं, तपासणारी व्यवस्था तयार असली, की नोकरी करणारा माणूसही पोचतो.

सर्वांचं वाचून माझं मत बदललंय ते सांगतो. मी पूर्ण किटचा कारखाना डोळ्यासमोर ठेवला होता. आता वाटतं, सुरुवात तिथून नको. जगात जे छोटे किटवाले आहेत, त्यांना चाकांची यंत्रणा, नळ्यांचे संच, ब्रॅकेट, पिशव्या भरून क्रमांक लावून देणारा कुणीतरी हवाच असतो. ते काम आपल्याला जमतं. हत्तरगीच्या भावाने सांगितलेली कागदाची शिस्त त्यातच अंगी लागेल, दुसऱ्याच्या सिद्ध डिझाइनवर. हल नंतर, परवाना घेऊन, आणि ताई असतील तर. निपाणीकरांनी विचारलेलं गिऱ्हाईक यात पहिल्या दिवसापासून आहे, कारखानेच आपलं गिऱ्हाईक.

हे काम छोटं आहे म्हणून कुणी नाक मुरडू नये. त्या चाकाच्या पिनवर दोन माणसांचा जीव असतो.

हत्तरगी_दुसरी_पाळी

दादा, चाकांची यंत्रणा घ्याच. पाण्यात बुडते, वाळूत जाते, स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकाला चिकटून गंजतात. बुश कशाचा, कोटिंग कोणतं, पाणी निथळायला भोक कुठे, यात खरं इंजिनिअरिंग आहे. मी मदत करेन, सुट्टीच्या दिवशी.

शहापूरकर_ओंटारियो

माझ्या विमानाच्या चाकाच्या यंत्रणेचे फोटो टाकतो, सगळ्या बाजूंनी, मोजपट्टी ठेवून. ड्रॉइंग कंपनीचं आहे, ते टाकणार नाही, ते त्यांच्याकडूनच रीतसर घ्या. मी त्यांना मेल करून विचारतो, बाहेरून भाग करून घेतात का, आणि कोणत्या अटींवर.

मच्छे_फिटर

मी पण. जिग-फिक्स्चरचं, म्हणजे भाग नेमक्या जागी धरून भोक पाडायच्या साधनांचं काम माझ्याकडे द्या.

हिडकल_काठ

आणि ते पाण्याच्या नकाशाचं? आमच्या गावातली पोरं तयार आहेत. दोरीला शिसं बांधून खोली मोजतात, पाणी उतरेल तसतशी खूण करत जातील. विमान येवो न येवो, होड्यांना तरी उपयोग होईल.

उद्यमबागकर

सुरू करा अण्णा, शिसं आणि दोरी माझ्याकडून.

बाकी सगळ्यांसाठी: येत्या रविवारी सकाळी दहाला माझ्या शेडवर बसू. पत्ता व्यक्तिगत संदेशात पाठवतो. हत्तरगीचे भाऊ, हीट नंबरच्या रजिस्टरचा कोरा नमुना तुमच्या पद्धतीने आखून आणा, कंपनीचा कागद नको. मच्छेकर, ड्रिल जिगचा एखादा जुना नमुना आणा. मी बाजारातून सर्टिफिकेटसह आणि सर्टिफिकेटशिवाय अशा दोन्ही नळ्या आणून ठेवतो, दोन्ही तपासणीला पाठवू आणि निकाल इथेच टाकू. काका, तुम्हाला घ्यायला गाडी पाठवतो. ताई गोव्याहून येऊ शकत असतील तर उत्तम, नाहीतर व्हिडिओवर घेऊ. निपाणीकर, तुम्ही तर याच. खर्चाचा हिशोब तुमच्यासमोर मांडायचाय, आणि जिथे पटणार नाही तिथे अडवायचं.